स्थिर साधक

आमच्या घरात बाबांचा आजार दोन वर्षं चेष्टेचा विषय होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला बिचारी म्हणायला नको.

बाबांचं नाव दामू. भिवंडीत फखरुद्दीन शेठच्या लूमच्या कारखान्यात ते बीम जोडायचे. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, संपत आला की नवा चढवतात, आणि जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्या ताण्याच्या एकेका टोकाला जोडावं लागतं. दोन हजारांच्या वर धागे. गाठ मारायची नाही. बोटाला राख लावायची, दोन्ही टोकं अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि पीळ द्यायचा, बस्स. बाबा सकाळी बसले की दुपारच्या डब्यापर्यंत बीम जोडून मोकळे. आजूबाजूचे कारखानेवाले फखरुद्दीन शेठच्या हातापाया पडून त्यांना तासा-दोन तासांसाठी मागून न्यायचे. तीस वर्षं त्या माणसाने अंगठ्यावर तर्जनी फिरवली.

त्यामुळे एकोणनव्वद साली घरी बसल्या बसल्या त्यांचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरायला लागला तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. रेडिओ ऐकताना हात मांडीवर ठेवला की बोटं सुरू. माझी आई, बायजाबाई, भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "बग, झाला याचा कारखाना चालू." मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण, दिवसभर पोरांवर ओरडून आलेली, मीही म्हणायची, "बाबा, ओव्हरटाइम घेता का शेठकडून?" ते हसायचे. हातात काम घेतलं की बोटं शहाण्यासारखी थांबायची, म्हणून त्यांनाही शंका आली नाही. दुसऱ्या कुठल्या गावात हा माणूस पहिल्या महिन्यात डॉक्टरकडे गेला असता. आमच्या गल्लीत मात्र सगळे म्हणाले, कारागिराचा हात आहे, गप्प बसत नाही.

मग बीम जोडायला दुपार उलटायला लागली. मग संध्याकाळ. मग दुसरा दिवस. लूम उभा राहिला की मालकाचा जीव खालीवर होतो, पण फखरुद्दीन शेठ ओरडले नाहीत. ते घरी आले, आईने दिलेला चहा प्याले आणि म्हणाले, "दामूदादा, तुझा हात दमला नाय. आजारी हाय. ठाण्याला माझ्या वलखीची डाक्टरीन हाय, उद्या चल."

डॉक्टर खुर्शीद यांनी बाबांना खोलीत चालायला लावलं, बटणं लावायला लावली, नाव लिहायला लावलं. नाव लिहिता लिहिता अक्षरं मुंगीएवढी झाली. पार्किन्सन, त्या म्हणाल्या. आम्ही तो शब्द पहिल्यांदा ऐकला. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आवरतो. दिवसातून तीन वेळा, घड्याळ लावून. बाबा बाहेर चपला शोधत होते तेव्हा मी विचारलं, ते रात्री घाबरून उठतात, त्याचं काय करायचं?

"ध्यान शिकवा त्यांना," त्या म्हणाल्या. "मन घाबरलं की कंप वाढतो, ध्यानाने तो शांत होतो. झोप सुधारते. माझे काही पेशंट करतात, त्यांना फायदा आहे. पण ते गोळीच्या जोडीला, समजलं ना? गोळी एक दिवसही चुकवायची नाही. एकदम बंद झाली तर अंग लाकूड होतं, ताप चढतो, माणूस जातो."

आधीच घाबरणारा माणूस आणखी घाबरेल, म्हणून यातलं शेवटचं वाक्य मी बाबांना सांगितलं नाही. "ध्यान करा म्हणाल्या, बरं वाटेल," एवढंच सांगितलं. त्या दिवशी एसटीच्या स्टॅंडवर मला माझ्या शहाणपणाचं कौतुक वाटत होतं.

ध्यानाचा वर्ग आमच्या टेमघर भागातच होता. कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्याची शेड होती. लूम विकून टाकलेले, फरशीवर त्यांच्या पायांची भोकं तशीच, वर सतरंज्या. वर्ग चालवायचे केसरीनाथ, तारखात्यातून रिटायर झालेले. सगळे त्यांना सर म्हणायचे. फी नाही, देणगीची पेटी नाही, वर उन्हाळ्यात साधकांना स्वतःच्या हाताने ताक वाटायचे. वाईट माणूस असता तर मला किती सोपं गेलं असतं.

पहिल्या दिवशी बाबा चिडूनच घरी आले. शेड भिंतीला भिंत लागून, पलीकडे चालू कारखाना. सर म्हणतात श्वासाकडे लक्ष द्या, आणि बाबांचं लक्ष भिंतीपलीकडे. "तिसरा लूम बोंबलतोय. धोटा घासतोय कवापासना, कुनाचा ध्यान न्हाय," ते आईला सांगत होते. आई म्हणाली, "मंग तुमचाच ध्यान लागला म्हना की." आम्ही तिघंही हसलो.

पण पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःची युक्ती काढली. बाहेर जाणारा श्वास म्हणजे जुना ताणा, आत येणारा म्हणजे नवा. एकाचं टोक दुसऱ्याला जोडायचं, पीळ द्यायचा, पुढच्या धाग्याकडे जायचं. अर्धा तास बसले की बीमचा अर्धा पट्टा, काही शे धागे, जोडून झाला म्हणायचे. सरांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या वर्गाला सांगितली.

आणि फायदा झाला, खोटं कशाला बोलू? गोळ्यांनी हात हलका झाला होता, ध्यानाने भीती गेली. रात्री दचकून उठणं थांबलं. चारचौघांत हात थरथरला की हात खिशात कोंबून पळणारा हा माणूस नाक्यावरच्या हॉटेलात बसून चहा प्यायला लागला. बशीत चहा सांडला तर पोऱ्यावर न डाफरता स्वतः फडक्याने पुसायचा. एकदा शेठनी त्यांना कारखान्यात नेलं आणि बाबांनी बीमचा एक पट्टा जोडला. हळूहळू, पण जोडला. एक धागा सुटला नाही. घरी येऊन ते लहान मुलासारखे आईला बोटं दाखवत होते, राख लागलेली. "बाय," मला म्हणाले, "मना एक आख्खा बीम जोडायचा हाय. येक. मंग मेलो तरी चालंल."

तेवढंच मागणं होतं त्यांचं. दीड वर्ष आम्ही तिघं त्या एका बीमच्या आशेवर सुखात राहिलो.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर केसरीनाथ सर घरी आले. जानेवारीत वर्गाला पाच वर्षं पूर्ण होत होती, कार्यक्रम होता. अंबाडीपासून, वाड्यापासून माणसं येणार होती. व्यासपीठावर बाबांना बसवायचं त्यांच्या मनात होतं. "दामूभाऊ, तुमच्यासारखं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही," ते म्हणाले. बाबा लाजले. मी चहा देत होते. मग सर माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "फक्त एक आहे हो. गोळ्या चालू आहेत ना. लोक म्हणणार, गोळीनंच बरा झाला, ध्यानाचं काय त्यात?"

बंद करा असं ते म्हणाले नाहीत. मी हजारदा आठवून पाहिलं आहे, नाही म्हणाले. नुसती मनातली रुखरुख बोलून दाखवली आणि खारी बिस्किट चहात बुडवलं. मी काय केलं? मी हसले. पाहुण्याच्या बोलण्यावर हसतात तसं. त्याच जागी कप खाली ठेवून डॉक्टरीण बाईंचं वाक्य सांगायला हवं होतं, सरांना आणि बाबांना, दोघांना. मी विचारलं, "सर, साखर पुरे ना?"

गोळी मी माझ्या हाताने द्यायची. सकाळी सातला शाळेत निघताना पहिली, दुपारची फडताळावर वाटीत काढून ठेवलेली, संध्याकाळी आल्यावर तिसरी. पाण्याचा तांब्या मी त्यांच्या हातात द्यायची आणि पर्स घ्यायला वळायची. वळेपर्यंत गोळी तोंडात गेलेली असायची. तोंडातून पुढे पोटात गेली की नाही हे बघायला मी कधी थांबले नाही. बापाचं तोंड उघडून कोण बघतं?

डिसेंबरात बोटं थांबली.

मी तुम्हाला सांगते, चार वर्षांत पहिल्यांदा मांडीवरचा हात स्थिर पडलेला बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदाने. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा कमी बोलायला लागले होते, आम्ही म्हटलं, मन शांत झालं. चालताना पाय घासत, एका जागी उभे राहिले की उभेच, आम्ही म्हटलं, घाई गेली. चेहरा सपाट झाला होता, राग नाही, हसू नाही. शेजारची चंद्रा काकी म्हणाली, "कसा तेज आला बग दामूच्या तोंडावर." मी मान डोलावली. ठाण्याची तारीख जवळ आली होती, ती मी पुढे ढकलली, कारण शाळेत परीक्षा होत्या आणि माणूस तर दिसायला छान होता.

त्यांनी स्वतः काय ओळखलं होतं, काय नाही, मला माहीत नाही. बोटं थांबल्याचा त्यांनाही अभिमान होता एवढं नक्की. एकदा हात माझ्यासमोर धरून म्हणाले, "बग. आता बीम जोडीन." आवाज इतका बारीक झाला होता की मला कान जवळ न्यावा लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी रविवार होता. सकाळी आई आणि मी त्यांना पांढरा सदरा घालत होतो. हात बाहीत जाईना. आई म्हणाली थंडीने आखडलंय. मी सेफ्टी पिन आणायला आत गेले आणि परत आले तर बाबा कोपऱ्यातल्या फळीपाशी उभे. त्या फळीवर त्यांच्या कामाच्या जुन्या वस्तू असायच्या, राखेची डबी, मोडकी फणी आणि दहाबारा लाकडी कांड्या, लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या, ज्यांच्यावर सूत गुंडाळतात त्या. त्यातली एक कांडी त्यांनी दोन्ही हातांत धरून तोंडाशी नेली होती. दातात धरली होती तिची बुडाकडची बाजू. मला वाटलं, हरवला बिचारा जुन्या दिवसांत. शेडमध्ये माणसं खोळंबली होती, सरांचा निरोप्या दारात सायकल घेऊन उभा. मी ती कांडी त्यांच्या हातातून ओढून घेतली, परत फळीवर ठेवली आणि चिडूनच म्हटलं, "बाबा, आजच्या दिवस तरी कारखाना डोक्यातून काढा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सपाट चेहऱ्यावर काही वाचता येण्यासारखं नव्हतं. निदान मला आलं नाही.

शेड माणसांनी भरली होती. व्यासपीठावर पांढरी चादर, मागे झेंडूच्या माळा. दोघांनी धरून बाबांना वर नेलं, मांडी घालून दिली, हात गुडघ्यांवर ठेवून दिले. सरांनी माइकवर त्यांची गोष्ट सांगितली, थरथरणारा हात, जोडलेले श्वास, सगळं. "आज दामूभाऊंच्या हाताकडे बघा," ते म्हणाले आणि शे-दीडशे माणसांनी बघितलं. बोट हलत नव्हतं. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि तासभर ध्यान झालं. पलीकडचा कारखाना रविवार असूनही चालू होता.

तास संपला. घंटी वाजली, माणसं हातपाय मोकळे करत उठली. बाबा उठले नाहीत.

"बघा," सर माइकमध्ये हळू आवाजात म्हणाले, "उठायचं भान नाही. याला म्हणतात स्थिर साधक." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फोटोग्राफरने फ्लॅश मारला. बाया ओळीने व्यासपीठापाशी येऊन बाबांच्या गुडघ्याला हात लावून तो कपाळी नेऊ लागल्या. अर्धा तास ती रांग चालली. आई पदराने डोळे पुसत होती. तिचा नवरा आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात वाकून बसलेला, आज लोक त्याच्या पाया पडत होते.

फखरुद्दीन शेठ मागे खुर्चीवर बसले होते. बाबांसाठी आले होते, बाकी त्यांना त्या प्रकाराशी देणंघेणं नव्हतं. ते उठून रांगेच्या कडेने पुढे आले, बाबांच्या तोंडाजवळ वाकले आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला ओढलं. "तुळजा, बापाच्या डोल्यावर माशी बसलीय. पापनी हालत न्हाय त्याची."

मी वर चढले. माशी खरंच होती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळून सदऱ्याचा गळा भिजला होता, समोरून हाराने झाकला होता. मी हात धरला, तर तो वाकेना. आणि चटका बसावा इतकं अंग तापलेलं. मी "बाबा, बाबा" म्हणत कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"कवापासना उठतोय गं," ते म्हणाले.

तासभर, दीड तास तो माणूस दीडशे लोकांसमोर उठायचा प्रयत्न करत होता आणि आम्ही त्याला नमस्कार करत होतो.

शेठच्या गाडीत घालून ठाण्याला नेलं. मांडी सुटेना, तशीच दुमडलेली ठेवून आडवं निजवलं. डॉक्टर खुर्शीदनी बघताक्षणी विचारलं, "गोळी कधी बंद केली?" मी म्हटलं, "नाही हो, मी माझ्या हाताने देते." हे मी तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडून. त्यांनी लगेच नळीतून औषध सुरू केलं. ताप उतरला नाही. मग फुप्फुसात कफ भरला. सहाव्या दिवशी बाबा गेले. त्याआधी एकदा, औषधाने जरा अंग सैल झालं तेव्हा, उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला होता. मी ती बोटं दुपारभर बघत बसले. आयुष्यात मी इतकी कशाचीही वाट पाहिली नव्हती. संध्याकाळी ती थांबली.

तेराव्यानंतर केसरीनाथ सर आले. त्यांचे डोळे खरोखर सुजले होते. आईसमोर बसून म्हणाले, "वहिनी, पुण्यवान माणूस. ध्यानातून बाहेरच आले नाहीत." आई हात जोडून हो हो म्हणत होती. मी त्यांना घराबाहेर काढलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, चंद्रा काकीनं कानावर हात ठेवले होते. सरांनी एवढंच विचारलं, "मी कधी गोळ्या बंद करा म्हटलं का, बाई?" मी दार लावून घेतलं. त्यांच्या शेडमध्ये आजही व्यासपीठावरचा तो फोटो लावलेला आहे, हार घातलेला, खाली लिहिलंय, स्थिर साधक. थरथरत्या हातांची माणसं लांबून येतात, त्यांना तो दाखवतात. दोनदा जाऊन मी फोटो उतरवायला सांगितलं. दोन्ही वेळा वर्गातल्या लोकांनी मला शोकाने डोकं फिरलेली समजून समजुतीनं बाहेर आणून सोडलं. आता मी रविवारी फाटकाशी उभी राहते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक घरच्या माणसाला विचारते, गोळी दिलीत का आज? तोंड उघडून बघितलंत का? लोक बाजूने निघून जातात. काही जण थांबून ऐकतात.

फळी मी तेराव्यानंतर महिन्याभराने आवरायला घेतली. राखेची डबी फेकवली नाही, बाजूला ठेवली. कांड्या आईला सूत गुंडाळायला द्याव्यात म्हणून उचलल्या, तर जड लागल्या. कांडी बुडाकडून पोकळ असते. प्रत्येकीत कापसाचा बोळा कोंबलेला होता, आणि बोळ्यामागे गोळ्या. दिवाळीनंतरच्या सगळ्या. महाग गोळी, फेकून कशी द्यायची, म्हणून नीट भरून ठेवलेल्या. एक आख्खा बीम जोडायला निघालेला माणूस तो. त्याला सरांचं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं.

एक कांडी वेगळी होती. तिचा बोळा निम्मा बाहेर ओढलेला, चावून चावून चिंधी झालेला, आणि लाकडावर सगळीकडे दातांचे व्रण. दोन हजार धागे जोडणाऱ्या बोटांना त्या दिवशी तो बोळा निघेना, म्हणून त्यांनी दात लावले होते. गोळी परत घ्यायची होती त्यांना.

ती कांडी मी ओळखली. कार्यक्रमाच्या सकाळी मीच ती त्यांच्या हातातून ओढून घेतली होती.